मॅग्नेशियम आणि पाहुणा

६ मे २०२५

डॉक्टरांनी घशाला कुलूप घातलंय, हाताला नाही. म्हणून ही वही.

आवाजाच्या पडद्यावर गाठ होती, ती परवा काढली. वर्गात घसा फोडणाऱ्या मास्तरणींना होतेच अशी, म्हणाले. आता दोन आठवडे अळीमिळी गुपचिळी. कुजबुजसुद्धा नाही, त्यानं म्हणे पडद्यांवर जास्तच ताण येतो. नंतर थोडं थोडं बोलायचं, आणि जूनच्या शेवटी शाळा उघडेल तेव्हा सरिता मॅडम पुन्हा आठवीच्या वर्गात विज्ञान शिकवायला उभ्या. असं ठरलंय.

खरी गोम वेगळीच आहे, ती लिहूनच टाकते. मार्चमध्ये हिंगणीच्या पुढच्या एका गावात आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांचा चमत्कारांचा कार्यक्रम होता. म्हणजे बुवा लोक चमत्कार कसे करतात ते करून दाखवायचा. नारळातून आग काढली, जिभेवर कापूर जाळला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक बंद पडला म्हणून मी सगळा कार्यक्रम तशीच ओरडून केला. शेवटी तिथला बुवा उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "बाई, तुही वाचा जाईन." दुसऱ्या दिवशी उठले तर आवाज बसलेला. तो बसला तो बसलाच.

आता गाठ काही एका रात्रीत होत नसते, हे आठवीतल्या पोरालाही कळेल. पण त्या गावाला कोण समजावणार? समजावणारीचीच बोलती बंद! आवाज आला नाही तर नोकरीची पंचाईत आहेच, पण त्याहून मोठं म्हणजे तो बुवा जिंकेल. "पाहा, बाईची वाचा घालवली" एवढ्यावर त्याचं दुकान जन्मभर चालेल. मला जूनमध्ये बोलायचंय. नुसतं शाळेत नाही, त्या गावात जाऊन बोलायचंय.

८ मे

लोक माझ्याशी मोठ्यानं बोलायला लागलेत. अहो, मी मुकी आहे, बहिरी नाही! लेकीची, रोशनीची, बालवाडीतली पाटी सापडली, तिच्यावर लिहून दाखवते. पण मी लिहीपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो, किंवा माझं उत्तर त्यानंच देऊन टाकलेलं असतं. "यायले चहा नसन पाह्यजे, घसा आहे ना." मला चहा हवा होता.

शेजारच्या शरयूताई आल्या होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या बाई. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सरिता, राग नको मानजो, पन एकडाव त्या बुवाच्या पाया पडून ये. आपलं काय जाते?" मी पाटीभर "नाही" लिहिलं. त्यांनी मला थोपटलं आणि "विचार करजो" म्हणून गेल्या. हे थोपटणं मला औषधापेक्षा कडू लागतं.

प्रफुल्लबद्दल काय लिहू? (लोकांत "रोशनीचे पप्पा". इथे नुसता प्रफुल्ल, वही थोडीच सांगायला जाते.) तो एसटीत कंडक्टर. दिवसभर वर्धा-पुलगाव वर्धा-पुलगाव ओरडून आला की घरी एक शब्द खर्च करत नाही. लग्न झालं तेव्हापासून या घरातलं बोलण्याचं खातं माझ्याकडे. आता ते खातंच बंद. काल जेवताना कूलरची घरघर आणि वरण भुरकण्याचा आवाज, बाकी काही नाही. तो मध्येच माझ्याकडे बघतो, काहीतरी म्हणावंसं वाटतंय असं तोंड करतो आणि मग पोळी वाढतो.

९ मे

पुण्याहून रोशनीचा व्हिडिओ कॉल. "आई, तू गप्प बसून बसून आमचा जीव घेशील. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक खेळ टाकून देते, तो खेळ." आणि तिकडूनच तिनं तो टाकलाही.

ऑर्वेन नावाचं एक राज्य आहे. किल्ले, रानं, राक्षस, आणि जगभरातली हजारो माणसं एकाच वेळी त्यात हिंडत असतात. आधी आपण कोण ते निवडायचं. योद्धा, तिरंदाज, वैद्य, जादूगार. मी जादूगारीण झाले! बाबासाहेबांची लेक, आयुष्यभर जादूटोण्याच्या विरोधात भाषणं ठोकणारी, आणि हातात काठी, डोक्यावर टोकदार टोपी. पण मला बघायचंच होतं. ज्यांच्याशी भांडण्यात उमेदीची वर्षं गेली त्यांची बाजू एकदा आतून बघू की.

आत गेल्यावर कळलं, ही जादू नियमानं चालते. एवढी शक्ती घातली की एवढी आग. शक्ती संपली की थांबा, भरू द्या. ओल्या शत्रूवर वीज टाकली तर जास्त लागते. म्हणजे हे भौतिकशास्त्रच झालं, फक्त झगा घातलेलं. मी नाव ठेवलं मॅग्नेशियम. पेटलं की डोळे दिपवतं आणि लवकर संपतं. जादूगाराचं अगदी तसंच आहे. एका फटक्यात मरतो बिचारा.

१० मे

सगळे टोळीनं खेळतात. एका टोळीनं मला घेतलं आणि लगेच विचारलं, माइक कुठाय? मी लिहिलं, नाही. त्यांनी काढून टाकलं. दुसऱ्यांनीही तेच. रोशनी म्हणाली, "मी येते तुझ्यासोबत." मी पाटी कॅमेऱ्यासमोर धरली: "सोबत नको." घरात, दारात, दवाखान्यात सगळीकडे कोणी ना कोणी मला सांभाळतंय. एक तरी जागा अशी असू दे जिथे माझी कीव करायला कोणी नाही. मी एकटीच खेळणार. एकटा जादूगार टिकत नाही असं सगळे लिहितात. बघू.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. विहारात गेलो. त्रिशरण-पंचशील सगळे म्हणत होते आणि मी नुसती बसले होते. दरवर्षी मी पुढे बसून म्हणते. आज पहिल्यांदा ऐकलं. प्रफुल्लचा आवाज किती भरदार आहे! मला माहीतच नव्हतं. माझ्याच आवाजाखाली दबून जात असणार. डोळे भरून आले, ते खीर वाढणाऱ्या बाईनं पाहिलं आणि पुन्हा थोपटणं आलंच.

घरी येऊन ऑर्वेनमध्ये एक शोध लावला. तिथे एक काळा दगड आहे. पेटी उघडण्याआधी त्याच्यापुढे वाकलं की आत चांगल्या वस्तू निघतात असं सगळे मानतात. रांग लागते रांग! मी काही पेट्या वाकून उघडल्या, काही न वाकता, दोन्हींची नोंद ठेवली. काडीचा फरक नाही. तसं सगळ्यांना लिहून कळवलं. उत्तर आलं, "तुझी श्रद्धा कमी पडली." मला इतकं घरच्यासारखं वाटलं म्हणून सांगू!

१६ मे

काल प्रफुल्लची सुट्टी होती. गच्चीवर जाऊन रोशनीशी तास दीड तास बोलत होता. प्रफुल्ल आणि तासभर! मी वर गेले तर फोन खिशात.

आज एक गंमत. काटेरी रानात मी रानडुकरं मारत होते. आग टाकायची, पळायचं, वळून पुन्हा आग टाकायची. एकट्या जादूगाराला असंच लढावं लागतं, अंतर ठेवून. तर मागे एक माणूस उभा. लाकडी ढाल, अंगावर फाटकं कातडं. डोक्यावर नाव नाही, नुसतं "गेस्ट" आणि पुढे आकडे. ज्यांनी नाव घेतलेलं नसतं त्यांना असं मिळतं. मी "हॅलो" टाइप केलं. उत्तर नाही. मी चालले की चालतो, थांबले की थांबतो. थोड्या वेळानं सरळ चालत जाऊन दरीत पडला.

त्याचं नाव मी पाहुणा ठेवलंय.

२० मे

दवाखाना. आत नळी घालून बघितलं. डॉक्टर म्हणाले, जखम भरली, पडदे स्वच्छ, आता म्हणा "आ". मी तोंड उघडलं. नुसती हवा.

पुन्हा. हवा.

खोकून दाखवा म्हणाले. खोकल्यात आवाज आला, चांगला खणखणीत. डॉक्टर हसले. "म्हणजे वाद्य ठीक आहे, मॅडम. बोलायचं म्हटलं की तुम्ही घसा आवळून धरता. भीतीनं होतं असं. मनानं धरून ठेवलंय, मनच सोडेल." गुळण्या करताना गुणगुणायचा व्यायाम दिलाय.

मनाचं! अंगात येणाऱ्या बायांना मी काय सांगते? "ताई, देवी नाही, हे मनाचं आहे." आणि आता ती ताई मी. परत येताना ऑटोत बसले तेव्हा त्या बुवाचा चेहरा आठवला. एकच क्षण वाटलं, खरंच असेल का? एकच क्षण. पण वाटलं, आणि या वहीत खोटं लिहायचं नाही.

प्रफुल्लनं माझी पिशवी मांडीवर धरली होती. घर आलं तेव्हा म्हणाला, "येते आवाज. जाते कुटी?" आणि ऑटोवाल्याकडे वळला.

२४ मे

सकाळ-संध्याकाळ गुणगुणते. पाणी गुळगुळतं, आवाज नाही.

आज जेवताना प्रफुल्लनं आपणहून विचारलं, "मॅडम, तुह्या त्या खेळात उडी मारा लागली तं काय करा लागते?" मी पाटीवर लिहिलं, लॅपटॉपवर लांब पट्टी दाबायची, फोनवर खेळणाऱ्यांना कोपऱ्यात पंखाचं चित्र असतं ते. त्यानं मान हलवली, "असं असं." मला बरं वाटलं. माझं मन रमावं म्हणून विचारतो बिचारा, त्याला काय कळणार त्यातलं.

२६ मे

पाहुण्याचं माझं निरीक्षण पूर्ण झालं. तो माणूस नाही, मशीन आहे. नवख्या खेळाडूंच्या मदतीला खेळवाल्यांनीच सोडलेला प्रोग्रॅम. पुरावे लिहून ठेवते.

कधीही बोलत नाही. सकाळी ठरावीक वेळी येतो, थोडा वेळ असतो, मग एकदम नाहीसा होतो आणि पुन्हा संध्याकाळी. माणूस इतका घड्याळ लावल्यासारखा येत नाही. दुसरं, त्याच्या वागण्याचे नियम ठरलेले आहेत. कुठल्याही दारातून मी आत गेल्याशिवाय तो जात नाही. मी गेले की मागे वळून बघतो, कोणी राहिलं नाही ना, आणि मगच आत येतो. पुढे धोका दिसला की ढाल एकदा बडवतो. सगळं ठीक असलं की दोनदा बडवतो आणि निघतो. एकदा म्हणजे थांबा, दोनदा म्हणजे चला. इतका साधा नियम एखाद्या इंजिनिअरनंच लिहिलेला असणार!

आणि सगळ्यात पक्का पुरावा. परवापर्यंत त्याला उडी मारता येत नव्हती. कालपासून जिथे तिथे उड्या मारतोय, गरज नसताना. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी प्रोग्रॅम सुधारला.

संध्याकाळी हे सगळं प्रफुल्लला पाटीवर सविस्तर लिहून दाखवलं, दोनदा पुसून. त्यानं पाटी डोळ्यांपासून लांब धरून वाचली. मग म्हणाला, "मशीन हाय म्हंतं?" मी ठासून मान हलवली. म्हणाला, "तू म्हंतं तं असन."

३० मे

काहीतरी शिजतंय. प्रफुल्लचा फोन आता टेबलावर उपडा असतो. मी खोलीत गेले की घाईनं खिशात. जेवण झालं की "जरा फिरून येतो" म्हणून कोपऱ्यावरच्या बाकावर जाऊन बसतो, शरयूताईंनी पाहिलं. नवा चष्मा करून आणलाय आणि मानेला तेल लावतो. रोशनीशी बोलताना हळू आवाजात, "तिले मालूम नाई ना पडलं?" एवढं मी दारातून ऐकलं.

मला काय माहीत पडू द्यायचं नाहीये? एकच गोष्ट असू शकते. त्या गाठीच्या तपासणीत काहीतरी वाईट निघालंय.

२ जून

तो ड्युटीवर गेल्यावर कपाट उघडलं. रिपोर्ट तिथेच होता, समोर, काही लपवलेलं नव्हतं. इंग्रजीतला शब्द न् शब्द वाचला, न कळलेले शोधले. साधी गाठ. भिण्यासारखं काही नाही.

मग मी पलंगावर बसून रडले. आवाज न करता रडणं हे एक तंत्रच आहे, मला चांगलं जमायला लागलंय. पण मग हे दोघं लपवतात काय? तर्क चालत नाही. सोडून दिलं आणि ऑर्वेनमध्ये गेले. पाहुणा दारात उभाच होता. ढाल दोनदा बडवली. मला हसू आलं.

७ जून

आता खरी लढाई. उत्तरेच्या बुरुजात एक राणी आहे, तिला सगळे मुकी राणी म्हणतात. तिचं एकच अस्त्र: समोरच्याला मुकं करणं. जांभळा धूर येतो आणि जादूगाराला काही वेळ एकही मंत्र टाकता येत नाही. तेवढ्यात ती छतावरचे दगड पाडते. जमिनीवर सावली दिसते, तिथून हललं नाही की खलास. जादूगारानं एकट्यानं तिच्याकडे जाऊच नये, असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

म्हणजे जायलाच हवं.

आज कितीदा मेले ते मोजलं नाही. पण एक कळलं. मुकं होण्याआधी तेलाचे पलिते पेटवून ठेवले तर आपण मुके असतानाही ते जळत राहतात आणि राणीला चटके बसतात. प्रयोगाची आधी मांडणी करायची आणि मग हात बांधून बघत बसायचं. हे मला येतं.

१० जून

नामी युक्ती! राणी आधी आत येणाऱ्यावर धूर सोडते. पण पाहुणा माझ्याआधी कधी आत जात नाही. मग मी दारातून मागे फिरले, त्याच्या मागे जाऊन उभी राहिले आणि टाइप केलं: तू जा. तो हलेना. माझ्याकडे बघत उभा. शेवटी मी माझी काठी जमिनीवर दोनदा आपटली. गेला!

राणीनं त्याच्यावर धूर सोडला, दगड पाडला, पाहुणा खलास. तेवढ्यात मी तिला अर्धी जाळली. मग तो परत आला, पुन्हा काठी आपटली, पुन्हा गेला, पुन्हा मेला. सकाळी हेच, संध्याकाळी तो आल्यावर पुन्हा हेच. राणीचे दगड कुठल्या क्रमानं पडतात ते मला आता तोंडपाठ झालंय. मशीनचा याहून चांगला उपयोग काय!

प्रफुल्ल आला तो तोंड पाडून. जेवला नाही धड. पाटीवर विचारलं, काय झालं? म्हणाला, "काई नाई. दिवसभर धक्के खाल्ले." गर्दी असेल गाडीला.

मग हात धुताना म्हणाला, "मॅडम, तुह्या मशीनले जीव नसन, पन एखांद्या वेळेस त्यालेबी वाटत असन ना, का ही बाई मले काऊन घडीघडी मराले धाडून राह्यली." मी लिहिलं, "मशीनला वाटत नाही." त्यानं वाचलं आणि पाटी माझ्या हातात परत दिली.

११ जून

त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. आज पाहुण्याला पुढे धाडलं नाही. कारण शास्त्रीय आहे: हवी ती माहिती मिळाली होती.

१५ जून

लग्नसराईमुळे प्रफुल्लला दुहेरी ड्युटी, काल आणि आज. घर भकास.

पाहुणाही आला नाही. काल नाही, आज नाही. खेळवाल्यांनी काढून टाकला असेल. काटेरी रानात जाऊन आले, बुरुजाच्या दारात थांबले. एकटीनं खेळायचं असा माझाच हट्ट होता, आणि आता एकटी आहे तर पायच निघेना. एका लाकडी ढालवाल्या प्रोग्रॅमची वाट बघत मी बसलेय, हे कार्यक्रमात कोणी विचारलं तर काय सांगू? पण करमलं नाही, हे खरं.

गुणगुणण्यात आज बारीकसा घुंगुरमाशीसारखा आवाज आला. शब्द म्हणायला गेले की पुन्हा घसा मिटला.

१८ जून

मुख्याध्यापक केशव सरांचा फोन. प्रफुल्लनं उचलला आणि स्पीकरवर ठेवला. सोमवारी शाळा उघडते. सर भला माणूस. म्हणाले, "मॅडमना अजून बोलता येत नसेल तर यंदा ग्रंथालय देऊ, वर्ग दुसऱ्या कोणाला देतो. शनिवारपर्यंत कळवा." मी तोंड उघडलं. "सर, मीच घेईन वर्ग" एवढंच म्हणायचं होतं. हवा. नुसती हवा. प्रफुल्ल माझ्याकडे बघत होता. फोनवर म्हणाला, "कळवतो, सर."

नंतर शरयूताई आल्या, त्यांनी पिशवीतून एक काळा दोरा काढला. "तुह्यासाठी त्या गावावरून मागवला. तू नको जाऊ, नुसता बांधजो." मी तो दोरा बराच वेळ बघत बसले, हातात धरून. परत दिला. पण लगेच नाही दिला. हेही लिहून ठेवते.

२१ जून, शनिवार

क्रमानं लिहिते.

आज प्रफुल्लची सुट्टी. जेवण झाल्यावर म्हणाला, "डोकं दुखून राह्यलं, पडतो जरासाक," आणि आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं. केशव सरांना संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मला काहीच सुचत नव्हतं म्हणून बऱ्याच दिवसांनी लॅपटॉप उघडला. तेवढ्यात लाइन गेली. कूलर बंद, पंखा बंद, आमची सगळी पिपरी मेघे वस्ती एकदम चूप. बॅटरी होती, नेट मोबाइलवरून जोडलं.

बुरुजाच्या दारात पाहुणा! माझा जीव इतका भांड्यात पडला की मी आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारली. त्यानं उडी मारली. मी आत गेले, तो मागे बघून आत आला.

पलिते पेटवले. राणी उठली. धूर माझ्यावर आला, मॅग्नेशियम मुकी झाली, पण पलिते जळत होते आणि राणी पोळत होती. दगड पडायला लागले. मला क्रम पाठ होता: आधी उजवा कोपरा, मग मधला खांब, मग दाराजवळ दोन. मी बरोबर हलत होते. राणीत आता थोडकीच धुगधुगी उरली होती. आणि बघते तर पाहुणा खांबापाशी माझ्याकडे तोंड करून उभा, आणि त्याच्या पायाखाली सावली पसरत चाललेली. त्याला ती दिसत नव्हती. तो माझ्याकडेच बघत होता. माझे दोन्ही हात अडकलेले, टाइप करायला सवड नाही, काठी आपटायला सवड नाही.

"मांगं सरक! मरशीन ना!"

घरभर घुमलं. फाटका, खरखरीत, पत्रा ओढल्यासारखा आवाज. कोण ओरडलं म्हणून मी इकडेतिकडे बघितलं. आणि तेवढ्यात आतल्या खोलीतून, लोटलेल्या दाराआडून, घाईघाईनं उत्तर आलं:

"कोन्या बाजूनं?"

स्क्रीनवर दगड पडला. दोघंही मेलो. राणी जिवंतच राहिली.

मग दार उघडलं. प्रफुल्ल उभा, नवा चष्मा नाकावर, फोन दोन्ही हातांत आडवा धरलेला. आधी त्याला कळलं की आपण काय बोलून बसलो, आणि त्याचा चेहरा पडला. मग त्याला कळलं की आपण काय ऐकलं. तो दाराला टेकला. त्याचे ओठ हलले, पण त्याचा आवाज निघेना.

माझा घसा जळत होता. मला वाटलं, एकदाच आला, भीतीनं आला, आता पुन्हा मिटेल. मी त्याच्याकडे बघितलं. तो अजून उत्तराची वाट बघत होता.

"डाव्या बाजूनं," मी म्हणाले.